‘विचारत बसणाऱ्या’ एका बाईचं उत्तर

‘जुना मास्तर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

वर्गातलं तंत्रज्ञान शिकायचं तर शिक्षकांनी आपापल्या विषयाच्या ऑनलाइन समूहांत जावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. आता सकाळ झाली आहे, पण राग फारसा उतरलेला नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. पडद्यावर आलेख आणि आकृत्या काढायचं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर 2004 साली सुरू झालं, असं मी लिहिलं होतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी ते 2001 मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात प्रबंधाचं काम म्हणून सुरू केलं. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे.

आता तुमचं ते वाक्य: “ज्याला शिकवता येतं त्याला अनोळखी माणसांना विचारत बसावं लागत नाही.” हा मुद्दा नाही, ही लायकी काढणं आहे. शिक्षकखोलीत शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला तुम्ही हे तोंडावर म्हणाला असतात का? आणि ‘विचारत बसणं’ हे शब्द वर्गात मुलांसमोर कधी वापरलेत का? वापरले असतील, तर त्यानंतर किती मुलांनी हात वर केला?

मी 22 वर्षं गणित शिकवते आहे. त्यातली पंधरा खडू-फळ्यावर गेली. ती वाईट गेली असं माझा एकही विद्यार्थी म्हणणार नाही. मग वर्गात प्रोजेक्टर आला आणि त्याच्यासोबत दोन दिवसांचं प्रशिक्षण. कोणतं बटण कुठे आहे, हे त्या प्रशिक्षकांनी नीट दाखवलं. गणित त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, त्यामुळे पुढचं त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या तासाला मी वर्गसमीकरणाचा आलेख घेतला. ए गुणिले एक्सचा वर्ग, अधिक बी गुणिले एक्स, अधिक सी. जिओजेब्रात ए, बी, सी या तीन सहगुणकांचे तीन स्लायडर केले, म्हणजे माऊसने सरकवून किंमत बदलायच्या पट्ट्या. ‘ए’चा स्लायडर सरकवला की पॅराबोला, म्हणजे त्या समीकरणाचा वाटीसारखा वक्र, अरुंद होतो, पसरतो, उलटा होतो. वर्ग खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी वहीत एकच प्रश्न दिला: ए शून्य झाला तर आलेखाचं काय होईल? बहुतेकांनी लिहिलं, “नाहीसा होईल.” वह्या तपासताना माझा हात थांबला. फळ्यावर शिकवलेल्या एकाही वर्गाने मला हे उत्तर दिलं नव्हतं.

त्या रात्री मी गणित शिक्षकांच्या एका समूहात हे जसंच्या तसं लिहिलं. तिथल्या एकाही माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं. एका शिक्षिकेने उलट विचारलं, “स्लायडर कोण सरकवत होतं?” बस, एवढंच. मी! मीच सरकवत होते, आणि शून्यावरून झर्रकन पुढे जात होते. दुसऱ्या एकाने लिहिलं, “आधी अंदाजाने वहीत काढायला लावा. मग 0.1 वर थांबा, शून्यावर थांबा, उणे 0.1 वर थांबा. आणि माऊस मुलांच्या हातात द्या.”

पुढच्या तासाला तसंच केलं. 0.1 वर वक्र पार पसरला. शून्यावर आला आणि वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी जवळजवळ ओरडलीच, “बाई, सरळ रेघ झाली! एक्सचा वर्गच गेला ना!”

मला शिकवता येत नव्हतं का? येत होतं. त्या साधनासकट शिकवता येत नव्हतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर या शिक्षणाच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये नेमकं हेच मांडलं. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान अशी तिन्ही सुटी सुटी असून भागत नाही. ती एकमेकांत मिसळतात तिथलं ज्ञान वेगळं असतं. ते साधनाच्या माहितीपुस्तकात नसतं. त्याच धड्याला त्याच साधनाशी जो आधी अडखळला आहे, त्याच्याकडेच ते मिळतं. तो माणूस माझ्या शिक्षकखोलीत नव्हता. मग मी काय करायचं होतं, मास्तर? तुमची अब्रू राखायला गप्प बसायचं होतं?

समूहात स्वतः काही न लिहिता फक्त वाचणाऱ्या ज्यांना तुम्ही ‘नुसते बघे’ म्हणालात, त्यांत मीही वर्षभर होते. माणसं कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 मध्ये लायबेरियातल्या शिंप्यांबद्दल लिहिलं आहे. तिथला शिकाऊ आधी बटणं लावतो, काठ दुमडतो, मग शिवायला लागतो. कापड कापायला सगळ्यात शेवटी मिळतं. कडेला बसून पाहणं हे त्यांच्याकडे शिकण्यातच धरतात.

बाकी तुम्ही समूहांतले फॉरवर्ड, जाहिराती आणि काय काय लिहिलं आहे. ज्या समूहात हे चालतं तो सोडावा, इतकं सोपं आहे. मुलांची नावं-चेहरे असलेले स्क्रीनशॉट टाकू नयेत, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. “मुलांचे गुण वाढल्याचा पुरावा द्या,” असंही तुम्ही म्हणता. त्या मुलीचं वाक्य तुम्हाला पुरावा वाटत नसेल, तर त्यावर मी वाद घालणार नाही.

तीस वर्षं शिकवल्याचं तुम्ही लिहिलं आहे. त्या वर्षांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच एवढं लांब लिहिलं. आता तुम्ही सांगा, “नाहीसा होईल” लिहिलेल्या त्या वह्या हातात असत्या, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलं असतं? ते लिहा. मी ते आमच्या समूहात टाकेन. तिथे तुम्हाला कोणी ‘सांगत बसलेत’ म्हणणार नाही.