बॅटरीला मोड आले

आमच्या गावाकडे टॉर्चला टॉर्च म्हणत नाहीत, बॅटरी म्हणतात. बॅटरीच्या पोटात जातात ते सेल. विजेरी हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहतो. प्रत्यक्ष अंधारात तो कुणाला भेटल्याचं ऐकिवात नाही.

आईकडे वर्षानुवर्षं एकच बॅटरी होती. दोन जाडे सेल, पत्र्याचं अंग, वर सरकतं बटण. पुढे ढकललं की लागायची, मागे ओढलं की विझायची. नाहीच लागली तर तळहातावर दोन फटके, तिसऱ्या फटक्याला हमखास उजेड. गेल्या पावसाळ्यात सेल आतच राहिले, त्यांना पाणी सुटलं आणि स्प्रिंग गंजून गेली. मग मी, पुण्यातला कर्ता मुलगा, मे महिन्यात एलईडीची नवी कोरी बॅटरी घेऊन राजापूरला गेलो. चार्जिंगची, बोटभर लांब. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘5 मोड’.

“पाच मोड आहेत हिला,” मी कौतुकाने म्हणालो.

“मोड? भिजत घातली होतीस की काय?” आई म्हणाली.

मी हसलो. पुढचे चार महिने हसू आलं नाही.

झालं असं की त्या बॅटरीचं बटण एकच आणि कामं पाच: प्रखर, मध्यम, मंद, लुकलुक आणि शेवटी एसओएस. त्यातही खोडी अशी, की आज जिथे विझवाल त्याच्या पुढच्या पायरीवर ती उद्या लागणार. संध्याकाळी गोठ्यात जाताना प्रखर लागली, तर रात्री मोरीकडे जाताना मध्यम, पहाटे मंद आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला थेट डिस्को. आमच्याकडे फुरशांचा सुकाळ. जेमतेम हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं ते विषारी जनावर पायवाटेवर वेटोळं घालून बसलेलं असतं. पाऊल टाकण्याआधी ते दिसावं लागतं. एसओएसच्या तीन तुकड्यांच्या उजेडात फुरसं तीन ठिकाणी दिसतं आणि पाय कुठे टाकायचा ते कुठेच दिसत नाही.

एसओएस म्हणजे तारेच्या मोर्स लिपीत तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. बुडत्या जहाजांसाठी ही खूण 1906 साली बर्लिनच्या परिषदेत ठरली. आमच्या वाडीपासून जहाज बरंच लांब. पण खालच्या घरात तात्या राहतात, आणि तात्यांचा सगळा जन्म तारखात्यात गेला. तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, तात्यांचे कान-डोळे अजून चालू आहेत. जूनमधल्या एका रात्री लाईट गेले, आई परसात उभी राहून बटण दाबत बसली आणि दहा मिनिटांत तात्या एका हातात कंदील, दुसऱ्यात कोयता घेऊन चढण चढून आले. धापा टाकत विचारलं, “वहिनी, कोण बुडतंय?”

आईने मला फोनवर हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून. “बिचाऱ्यांना चहा करून दिला. तुझ्या बॅटरीने माणसं येतात हो.”

मी ठरवलं, मोड खुडायचे. एक बटण, एक उजेड. लागली की लागली, विझली की विझली.

आता माझी पात्रता. तीस वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि त्यानंतर तीस वर्षं विमा कंपनीत. सोल्डरिंगची शेवटची इस्त्री हातात धरली तेव्हा केस काळे होते. तरी तशाच आणखी दोन बॅटऱ्या आणल्या. एक मारायला, एक जगवायला, असा हिशोब.

पुढची काच काढायला आत एक चकती असते, तिला दोन खाचा. त्यात नखं कापायच्या कात्रीची टोकं घालून फिरवायचं. कात्री घरातली एकुलती एक होती, हे नंतर कळलं. आत रुपयाच्या नाण्याएवढी गोल पट्टी. तिच्या मधोमध स्प्रिंग, ती सेलचं अधिक टोक. कडेचं तांब्याचं कडं म्हणजे उणे, ते बॅटरीच्या अंगाला टेकतं. आणि मध्ये आठ पायांचा एक काळा किडा. सगळा उपद्व्याप या किड्याचा. बटण दाबून वीज तुटली आणि पुन्हा आली, की हा पुढच्या पायरीवर जाऊन बसतो. आपण आदल्या रात्री कुठे होतो हे आठवणारा प्राणी आमच्या घरात दुसरा नाही.

उपाय सोपा वाटला. एलईडीची काळी तार किड्यामार्गे जाते, ती सोडवायची आणि सरळ कड्याला जोडायची. जोडली. असा उजेड पडला की भिंतीवरची पाल पळाली. दिवा पांढऱ्याचा निळसर झाला, मला वाटलं प्रगती आहे. मग हळूच एक वास आला आणि अंधार.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळ्या पावडरीचा लेप दिल्यामुळे तो पांढरा दिसतो. या निळ्या दिव्यासाठी 2014 साली जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना नोबेल मिळालं. तो निळा पुन्हा उघडा पाडून त्याचा जीव घ्यायला मला दहा सेकंद लागले.

चूक उघड होती. भरलेला सेल 4.2 व्होल्टचा, एलईडीला पुरतात 3. मधल्या 1.2 व्होल्टची सोय कुणी लावायची? ओहमचा नियम अंगठ्याने मोबाइलवर सोडवला: 3.3 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट साधारण 0.36 अँपिअर. एक वॉटच्या दिव्याला तेवढाच मानवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो.

“थ्री पॉइंट थ्री ओहम, एक वॉट.”

“किती? शंभर?”

“एक.”

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दहा घेतले.

दुसऱ्या बॅटरीत रेझिस्टरचं दुसरं टोक कड्याऐवजी सरळ अंगालाच चिकटवावं, असं डोक्यात आलं. अंग अॅल्युमिनियमचं. त्याला साधं शिसं धरत नाही. तापलेले थेंब अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळत टेबलावर, तिथून पायजम्यावर. पायजम्याला मात्र धरलं. तोवर इस्त्री लागून एलईडीही गेला. बायको म्हणाली, “आईंना माणूस ठेवा, स्वस्तात पडेल.”

राहिली आईची मूळची. गणपतीला गेलो तेव्हा सामान बरोबर नेलं आणि माजघरात, मखराच्या थर्माकोलच्या तुकड्यांत बसून ती उघडली. काळी तार सोडवली, रेझिस्टर, तांब्याचं कडं, दोन टाके. किडा जागेवरच ठेवला, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. बटण दाबलं: उजेड. परत दाबलं: अंधार. परत: तोच उजेड. मी वीस वेळा दाबलं. तात्याही बघून गेले; जरा उदास वाटले.

“छान झालं,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “रात्री पाणी प्यायला उठलं की डोळे दिपतात रे. थोडी मंद नाही होणार?”

तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ती लुकलुक गेली का सगळी? भातात डुकरं येतात. परवा तिनेच पळाली होती.”

मी गप्प. प्रखर, मंद, लुकलुक. तीन झाले होते आणि गौरी यायच्या होत्या. कुठल्या तरी चिनी कारखान्यातल्या त्या इंजिनिअरलाही आई असणार, आणि तीही भातावर राहत असणार.

निघायच्या आदल्या रात्री जाग आली तर माजघरात मऊ, पिवळसर उजेड हलत होता. आईने जुन्या नऊवारीचं फडकं दुहेरी करून बॅटरीच्या तोंडाला रबराने बांधलं होतं. पाणी पिऊन ती मागच्या दारी गेली, रबर काढून फडकं खांद्यावर टाकलं, झोत भातावर धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्यापुढे फराफरा हलवायला लागली. खालच्या अंगाला खसखस झाली, काहीतरी जड धावत गेलं.

“गेली,” ती म्हणाली, आणि फडकं परत बांधलं.

खालच्या घरात कंदील लागला होता.