अंडीचोर

कॅनरी हा छोटा गाणारा पक्षी पाळण्यात काही त्रास नाही. दाणे घालायचे, पाणी बदलायचं, पिंजरा पुसायचा आणि गाणं ऐकत बसायचं. भानगड सुरू होते ती 'एवढं छान गातो, बिचारा एकटा आहे' या वाक्यापासून. आमच्याकडे हे वाक्य नक्की कोण बोललं यावर आजही एकमत नाही. पिल्लं झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने ते आपल्या नावावर घेतलं. त्याआधी ते बिनविरोध माझं होतं.

मुळात नर कोण आणि मादी कोण हेच कॅनरीकडे बघून कळत नाही. दोन्ही सारखीच पिवळी. गातो तो नर, हा ढोबळ नियम. पण पिसं झडायच्या दिवसांत नरही तोंड मिटून बसतो आणि एखादी मादी हौसेने दोन ताना मारून मोकळी होते. जाणकार माणसं विणीच्या हंगामात पक्षी हातात उताणा धरतात, पोटाखालची पिसं फुंकून बाजूला करतात आणि क्षणात निकाल देतात. मीही फुंकून पाहिलं. मला पिसांखाली आणखी पिसं दिसली. पक्ष्याने माझं बोट चावून आपलं मत नोंदवलं.

मग दिवे. दिवस लांबत लांबत चौदा तासांच्या आसपास गेला की कॅनरीला संसार सुचतो. तेवढा उजेड नसेल तर दिवा लावून पुरवायचा. जन्मभर 'खोलीत कोणी नाही, दिवा कशाला' म्हणत बटणं बंद करत फिरलेल्या माझ्या आईने पक्ष्यांसाठी लावलेला दिवा पाहिला आणि काही न बोलता बाहेर गेली. हे न बोलणं बरेच दिवस चाललं.

दोघांना थेट एकत्र सोडलं तर मारामारी होते, म्हणून मध्ये जाळी. जाळीतून नर तिला दाणे भरवायला लागला, तीही पंख थरथरवत चोच उघडायला लागली, की जाळी काढायची. काढली. त्याने छाती फुगवून गाणं लावलं आणि तिने त्याला पिंजराभर पळवलं. घरट्यासाठी मी गोणपाटाचे दोरे सोडवून, उकळून, वाळवून, बोटभर कापून दिले होते (लांब दोरा पायाला गुंडाळला जातो). बाईसाहेब एकेक दोरा उचलायच्या, निरखायच्या आणि खाली टाकायच्या. शेवटी त्यांना पसंत पडलेला माल म्हणजे नवऱ्याच्या छातीवरची पिसं. तो उपटून घेताना हूं की चूं करत नव्हता.

पण खरा छळ अंड्यांचा. कॅनरी रोज पहाटे एक अंडं घालते, अशी चार-पाच. पहिल्यापासूनच ती उबवत बसली तर पिल्लं एकेका दिवसाच्या अंतराने निघतात. थोरलं टणक होतं आणि धाकटं त्याच्या पायाखाली उपाशी राहतं. म्हणून रोज अंडं काढायचं, जागी खोटं ठेवायचं, आणि चौथं आलं की सगळी खरी एकदम परत द्यायची. वाचताना हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणूस अंधारात, चपला न घालता, हातात प्लॅस्टिकचा चमचा घेऊन आपल्याच घरात चोरासारखा उभा असतो. ती पाणी प्यायला उतरली की हात आत. अंडं बोटाच्या पेरापेक्षा थोडंसं लहान, फिकट निळसर, एका टोकाला तपकिरी ठिपके. श्वास जोरात सोडला तरी चमच्यात गडगडतं. खोटं अंडं मात्र ठार निळं. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यावर बसली.

चोरीचा माल कापूस घातलेल्या डबीत. ती अंडी दिवसातून दोनदा हलक्या हाताने फिरवावी लागतात. डबीवर मी 'उघडू नये' असं लिहिलं, म्हणून सगळ्यांनी उघडून पाहिली. शेवटी खरी अंडी परत ठेवली तेव्हाही ती त्याच चेहऱ्याने बसली. माझ्या पहाटे तिच्या हिशेबात कुठेच नव्हत्या.

तेरा-चौदा दिवसांनी पिल्लं. उघडीनागडी, डोळे मिटलेले, अंगावर चार केस आणि देहाच्या मानाने भलती मोठी चोच. त्यांना कडक उकडलेलं अंडं आणि टोस्टचा चुरा लागतो, तोही ताजा, कारण अंड्याचा चुरा उकाड्यात लगेच आंबतो. म्हणजे दर थोड्या वेळाने वाटी बदला. पक्ष्यांना अंडं भरवायचं यावर आईने मौन सोडलं. दोनच शब्द बोलली, ते इथे देत नाही.

अठराव्या दिवसाच्या सुमाराला पिल्लं घरट्याबाहेर पडतात, पण स्वतः दाणे फोडायला आणखी आठ-दहा दिवस तरी लागतात. मादीला तेवढा धीर नसतो. ती पुढच्या घरट्याच्या तयारीला लागते आणि सामान म्हणून पोटच्या पोरांची पिसं उपटते. पुन्हा मध्ये जाळी. भरवायचं काम बापाकडे. तो बिचारा गाणं विसरून दिवसभर चोची भरत बसला.

विसरणं अगदी शब्दशः बरं का. नर कॅनरीच्या मेंदूतला गाण्याचा भाग वसंतात वाढतो आणि हंगाम संपला की आक्रसतो, हे शास्त्रज्ञ फर्नांदो नॉटेबोम यांनी 1981 साली दाखवलं. पुढच्या वर्षी तो गाण्यात नव्या हरकती घालतो. आमच्या घरातल्या बाकी पुरुषांवर असं संशोधन झालेलं नाही.

आता पिल्लं मोठी झाली आहेत आणि त्यातली काही घशातल्या घशात पुटपुटतात. आत्तेभावाचा फोन आला, "एक गाणारा माझ्यासाठी ठेव."

"कोण गाणार ते अजून नक्की कळायचंय."

"मग सगळी दे. न गाणारी परत आणून देतो."

मी ताबडतोब हो म्हटलं. तिथेच त्याला संशय आला.