टिंबाच्या उजवीकडे

पुतणीला दशांशाचे व्यवहारी अपूर्णांक करायला शिकवणं हे घरात माझ्या गळ्यात पडलेलं काम. नियम तसा सरळ आहे. टिंबानंतर जितके आकडे, तितकी शून्यं एकापुढे मांडायची, तो झाला छेद. मग भाग जातोय तोवर दोघांना बारीक करत सुटायचं. ०.३७५ म्हणजे ३७५ छेद १०००. पाचाने भाग, परत पाचाने, परत पाचाने...

"तीन नवटाक," पलंगावरून आई म्हणाली. आमचं उत्तर, ३ छेद ८, अजून कागदावर उतरत होतं.

नवटाक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. आईची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठी झाली. साडेतीनसाठीसुद्धा औटकी होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा ती शाळेत होती. सोळा आण्यांचे शंभर नये पैसे झाले आणि एक आणा पडला सव्वासहा पैशांना. "हिशेब सोपा करतो म्हणाले," आई अजून म्हणते, "आणि सुरुवातच सव्वासहाच्या पाढ्यानं."

पुतणीला मात्र हे सोपं करणं फार आवडलं. दिसेल त्या टिंबावर तिनं हात चालवायला घेतला, आणि आमच्या घराचे हाल सुरू झाले.

टीव्हीवर ४.३ षटकं झाली होती. हिनं लगेच चार पूर्णांक तीन दशांश केले. षटक सहा चेंडूंचं, म्हणजे ही साडेचार षटकं! "मग ४.५ का नाही लिहीत?" कारण ४.५ म्हणजे पाचवं षटक संपायला एक चेंडू बाकी. यावर तिनं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेनं आपण फक्त फसव्या एजंटांकडे पाहतो.

त्यातून आत्याकडे स्थळांची फाइल आली. एका मुलाची उंची ५.९, दुसऱ्याची ५.११. पुतणीनं पाच पूर्णांक नऊवाला उंच ठरवला, आणि शाळेच्या हिशेबानं तिचं काडीचंही चुकलं नव्हतं. तिसरा होता ५.१०. शेवटच्या शून्याला किंमत नसते म्हणून तिनं ते खोडलं आणि तो बिचारा एका फटक्यात नऊ इंचांनी खुंटला. आत्यानं फाइल ओढून घेतली. माझं मत विचाराल तर बायोडाटा लिहिणाऱ्यांना टिंब वापरायची बंदीच घातली पाहिजे.

यापुढे आवर्ती दशांश म्हणजे विश्रांतीच वाटली. ०.३३३… ची दहापट करा, त्यातून मूळ संख्या वजा करा; शेपटाला शेपूट कटतं, नऊपट म्हणजे तीन, म्हणून १ छेद ३. याच रीतीनं ०.९९९… चा सरळ १ होतो. पुतणीला पटलं. भावाला अजून पटलेलं नाही, पण तो बँकेत आहे.

त्याच भावानं परवा गावाहून जमिनीचा उतारा आणला. नमुना सात आणि नमुना बारा एका कागदावर, म्हणून सातबारा, हे हिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिनं वरचं ७/१२ पाहिलं, भागाकार केला, ०.५८३३… काढलं आणि विचारलं, "बाबा, आपले सात, मग उरलेले पाच छेद बारा कुणाचे?"

"तेच," भाऊ म्हणाला, "कोर्टात विचारतोय."