‘मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच संदेश तीनदा आला. आशय असा: वॉरंटी संपलेल्या लॅपटॉपवर रुपयाही घालू नका, मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी आतली मुख्य पाटी) गेला की लॅपटॉप गेला, बाहेरचे दुकानदार आतले चांगले पार्ट काढून घेतात, डेटा गेला समजा, आणि वॉरंटी संपल्यावर कंपनीला कायद्यानं काही विचारता येत नाही. हे वाचून दोन घरांतले आईवडील हप्त्यांवर नवीन लॅपटॉप घ्यायला निघालेत, म्हणून एवढं लिहितेय.

आधी मदरबोर्डचं. माझ्या भाचीचा लॅपटॉप चौदाव्या महिन्यात बंद पडला, वॉरंटी एक वर्षाची. घेतला तेव्हा ५२ हजारांचा. सर्व्हिस सेंटरनं बोर्ड बदलायचे ३१ हजार सांगितले. ताई रडकुंडीला आली. मग आम्ही तो सिल्व्हर मॉलमधल्या एका चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डावरचा सुटा भाग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेला. त्यानं आमच्यासमोर तो उघडला, वीज मोजायचा मल्टीमीटर लावला आणि म्हणाला, “भिया, बोर्ड नहीं मरा, लाइन शॉर्ट है.” म्हणजे वीज भलत्या वाटेनं जातेय. बोर्डाला बाहेरून अगदी कमी व्होल्टेज दिलं, उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा धरला, तर तांदळाच्या दाण्याहून लहान एक कॅपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग) लाल दिसत होता. जिथे शॉर्ट तिथे उष्णता, इतकी ती सरळ गोष्ट. तो काढून दुसरा लावला. २८०० रुपये, पक्कं बिल, तीन महिन्यांची लेखी हमी. भाची आज त्यावरच प्रोजेक्ट करतेय.

सर्व्हिस सेंटरनं फसवलं असं मी म्हणत नाही. तिथे सहसा अख्खा बोर्डच बदलतात, सुटा भाग शोधत बसत नाहीत. पण त्यांच्या तोंडी ‘मदरबोर्ड गेला’ याचा अर्थ ‘आम्ही बोर्ड बदलतो’ एवढाच असू शकतो. चार्जिंग जॅक, चार्जिंगची चिप, मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) यांतलं काही गेलं तरी लॅपटॉप तितकाच निर्जीव दिसतो. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: बोर्डावरचं नेमकं काय गेलंय?

प्रत्येक बोर्ड वाचतो असंही नाही. पाणी सांडून चिपांखाली गंज चढला असेल किंवा प्रोसेसरच गेला असेल, तर चांगला कारागीर स्वतःच नको म्हणतो. आणि ग्राफिक्स चिपला नुसती गरम हवा मारून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा; तो लॅपटॉप बहुधा काही दिवसांतच परत येतो.

पार्ट चोरीची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. देताना रॅम (मेमरी), एसएसडी (डेटा साठवणारा भाग) आणि बॅटरीचे सिरीयल नंबर दिसतील असे फोटो काढा, तेच जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप जमा केल्याच्या पावतीवर, लिहून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. जेल रोडवरचं दुकान असो की मॉलमधलं, बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून उठून यायचं. सेवेचं बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

डेटाचं तर बहुतेकदा उलटंच असतं. बोर्ड मेला तरी एसएसडी किंवा हार्ड डिस्क वेगळी निघते आणि दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते. स्टोरेज बोर्डालाच पक्कं बसवलेले काही पातळ लॅपटॉप याला अपवाद. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आजच पाहून ठेवा.

आता कायदा, कारण संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. झिजलेल्या बॅटरीसाठी किंवा हातून पडलेल्या लॅपटॉपसाठी वॉरंटीनंतर कंपनीला जबाबदार धरता येत नाही, हे मान्य. पण दोष मुळातच उत्पादनातला असेल, किंवा वॉरंटीत असताना त्याच बिघाडाची तक्रार तुम्ही केली होती आणि तो परत आला असेल, तर वॉरंटी संपली एवढ्यानं दावा संपत नाही. तिथे जुनी जॉबशीट सोन्यासारखी. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचं न्यायालय) वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पैसे देऊन केलेली दुरुस्ती निकृष्ट निघाली तर ती सेवेतली त्रुटी, तिचीही तक्रार होते.

खरेदी ऑनलाइन असो, कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो, तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे इंदूरच्याच जिल्हा आयोगात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपनीशी तडजोड तिथेच झाली तर आयोगापर्यंत जावंच लागत नाही.

नवीन कधी घ्यावा? दुरुस्तीचा खर्च तशाच सेकंडहँड लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेला आणि यंत्र सहा-सात वर्षांचं असेल, तर मीही घ्या म्हणेन. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, हेही हिशेबात धरा. मात्र बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर नवं-जुनं ठरवत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलेपर्यंत सुरू करू नका. ती टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

ग्रुपवर ज्यांच्याकडे ‘मदरबोर्ड गेला’ असं लिहिलेलं एस्टिमेट आहे, त्यांनी त्याचा फोटो मला पाठवा. तक्रारीचा मसुदा मराठीत हवा की हिंदीत, तेवढं सांगा, मी लिहून देते.