उद्घाटन नको, आधी माळी द्या

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की पार्षद ताई (आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका) रविवारी येताहेत, बगीच्यासाठी काय काय हवं त्याची लिस्ट द्या. अर्ध्या तासात लिस्ट तयार. ओपन जिम, कारंजं, सेल्फी पॉइंट, मोठा गेट, नवीन झोपाळे, एकानं तर मुलांसाठी छोटी ट्रेन पण लिहिली. मी सगळी लिस्ट दोनदा वाचली आणि खरंच वाईट वाटलं, कारण त्यात 'माळी' हा शब्द कुठेच नव्हता. पाणी नव्हतं. दुरुस्ती नव्हती. म्हणून आज इथे सविस्तर लिहितेय, आपल्या इंदूरच्या सगळ्याच कॉलन्यांमध्ये थोड्याफार फरकानं हेच चाललंय असं मला वाटतं.

आम्ही या कॉलनीत आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा बगीचा म्हणजे नुसतं गाजरगवत आणि दोन बाभळी. मग कंपाउंड झालं, झाडं लागली, आणि पाच वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक झाला. त्या दिवशी फीत कापली, पोहे-जलेबी झाली, सगळ्यांचा फोटो निघाला, मी पण आहे त्या फोटोत. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्याच ट्रॅकवर आमच्या आई (माझ्या सासूबाई, वय ८१) पडल्या. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दुसऱ्या दिवशी मी जाऊन ती जागा बघितली, एक ब्लॉक दोन बोटं वर आलेला, शेजारचा खाली दबलेला आणि मधल्या फटीत गवत. रोज तिथून जात होते मी, रोज बघत होते, आणि रोज पाय उचलून पुढे जात होते.

प्लास्टर निघालं तरी आई बगीच्यात जाईनात. त्यांची चौघींची बैठक होती तिथे, साडेपाचला कडुनिंबाखालच्या बाकावर हरिपाठ, मग गप्पा, मग अंधार पडायच्या आत घरी. एक जण गेली नाही की दुसरी जात नाही, तसं करत ती बैठकच मोडली. महिनाभर आई संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायच्या.

मागच्या गल्लीत एक रिटायर्ड इंजिनीअर काका राहतात, त्यांनी मला बगीच्यात नेऊन दाखवलं की हे का झालं. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिला. तिच्यावर सरळ वाळू टाकून ब्लॉक बसवले तर दोन पावसाळ्यांत ट्रॅक वर-खाली होणारच. आधी ती माती खोदून काढायची, मग मुरूम भरून दाबायचा, कडेनं कर्ब घट्ट बांधायचा, मग ब्लॉक. आमच्याकडे ज्या ठेकेदारानं काम केलं त्यानं मुरूम टाकलाच नव्हता, नुसती वाळू होती. पण माझा राग त्याच्यापेक्षा आम्हा दीडशे घरांवर जास्त आहे. काम चार दिवस चाललं होतं, आम्ही रोज तिथून जात होतो आणि एकानंही थांबून विचारलं नाही की भाऊ, खाली काय टाकताय?

नंतर केलं आम्ही. फोटो काढले, महापालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार टाकली, तिचा नंबर लिहून ठेवला, महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज दिला आणि त्याच्या कॉपीवर आवक शिक्का घेतला. तीनदा जावं लागलं. तिसऱ्यांदा तिथल्या एका तरुण उपयंत्रींनी (सब-इंजिनीअर) स्वतः येऊन बघितलं आणि सगळ्यात खराब चाळीस फुटांचा तुकडा परत करून दिला, त्या वेळी काका सकाळपासून खुर्ची टाकून तिथेच बसले होते. तो तुकडा यंदाच्या पावसाळ्यानंतरही सपाट आहे. बाकीचा ट्रॅक अजून तसाच.

आता माळीदादांबद्दल. त्यांच्याकडे आमच्यासकट चार बगीचे आहेत, आमच्याकडे ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बगीच्याचा मागचा कोपरा, विजेच्या डीपीच्या बाजूचा, तिथे काही जगत नाही असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो, दर जुलैत वृक्षारोपण होतं, त्याच खड्ड्यात नवीन रोप लागतं, फोटो होतो, मार्चपर्यंत काडी उरते. मी या वर्षी सहज त्यांना विचारलं की तिथली माती खराब आहे का. ते म्हणाले, माती चांगली आहे ताई, पाईप पन्नास फुटांचा आहे, तिथपर्यंत पोचत नाही, मी बादलीनं घालतो पण आठवड्यातून दोनदा येऊन बादलीनं किती घालणार. बस, एवढंच. चार वर्षांत चार रोपं मेली ती पाईप अपुरा पडत होता म्हणून. त्या कोपऱ्यासाठी कारंज्याचं एस्टिमेट निघालं होतं हो! आम्ही सहा घरांनी मिळून पाईप आणला आणि उरलेले पाच दिवस पाणी घालायच्या पाळ्या लावल्या. तिथे आता करंज आणि बकुळ आहे, बकुळ माझ्या खांद्याला लागते.

ओपन जिमचं पण तसंच. मशीन वाईट नसतात, त्यांच्या बेअरिंगला ग्रीस लागतं आणि नट सैल झाले की आवळावे लागतात, बाकी काही नाही. आमच्याकडे सहापैकी चार बंद होत्या, शेजारच्या दादांनी पाना आणि ग्रीसचा डबा नेऊन एका रविवारी तीन चालू केल्या. चौथीचा पायच तुटलाय, ती काढून न्यायला सांगितलीय, लहान मुलं चढतात तिच्यावर.

माझं म्हणणं असं आहे की नवीन वस्तू मागणं सोपं आहे कारण ती एकदाच मागायची असते. सांभाळणं रोजचं आहे. आणि रोजचं काम कसं करायचं हे आपल्या इंदूरला शिकवायची गरज नाही हो, २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर आला तो काही एका दिवसाच्या अभियानानं आला नाही, सकाळी गाडी येते, रोज येते, पावसात येते, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येते, आणि आपण ओला-सुका वेगळा करून हातात डबा घेऊन उभे असतो. दोन्ही बाजूंनी रोज. तेच बगीच्याला का नाही? १४ जुलै २०२४ ला आपल्या इंदूरच्याच रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून जास्त रोपं लागली, गिनीज रेकॉर्ड झालं, आमच्या कॉलनीतली मुलं पण उत्साहानं गेली होती आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण रोप लावायला एक दिवस लागतो आणि ते झाड व्हायला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं, त्या उन्हाळ्यांसाठी पण एवढेच लोक हवेत.

इंदूरच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. १९१७ च्या सुमारास तिसऱ्या तुकोजीराव होळकर महाराजांनी पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराला इथे बोलावलं होतं, त्यांचा दोन भागांचा रिपोर्ट १९१८ मध्ये छापला गेला. तेव्हा शहरात प्लेगची भीती होती. गेडेसनी दिवाळीला मोठी मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही, ज्या मोहल्ल्यातले लोक घरं आणि गल्ल्या सगळ्यात स्वच्छ करतील तिथून जाईल. लोक कामाला लागले. आणि त्या मिरवणुकीत सफाई कामगार पांढरे स्वच्छ कपडे आणि हार घालून मानानं चालत होते. शंभर वर्षांपूर्वी! आमच्या ट्रॅकच्या उद्घाटनाच्या फोटोत माळीदादा नाहीत. मी परत काढून बघितला तो फोटो, ते मागे गेटजवळ आहेत, अर्धे दिसतात, हातात पाईप.

काही जण म्हणतील की हे सगळं आपणच करायचं तर टॅक्स कशाला भरतो. बरोबर आहे, आणि मी हक्क सोडा असं म्हणतच नाहीये. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, बारावी अनुसूची आली, त्यात नगरपालिकांकडे द्यायचे अठरा विषय आहेत आणि बारावा विषय सरळ सरळ उद्यानं, बागा आणि खेळाची मैदानं हा आहे. म्हणजे पार्षदांकडे बगीचा मागताना हात जोडून मेहेरबानी मागायची गरज नाही. आणि १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बंगलोरच्या एका वस्तीतली पार्कची जागा खासगी हॉस्पिटलला दिली होती, तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि जिंकले. ती पण आपल्यासारखीच कॉलनीत राहणारी माणसं होती.

आणि आपल्याच शहरातली रामनवमी, ३० मार्च २०२३. पटेल नगरच्या मंदिरात बावडीवरचं (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचं) छत कोसळलं आणि ३६ माणसं गेली. लहान मुलं होती त्यात. ती जागा बगीच्याची होती, तिथल्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधीच लेखी तक्रार केली होती, नोटीसही निघाली होती. मला तो दिवस आठवला की अजून पोटात कालवतं. बगीच्याच्या जागेत काय बांधलं जातंय, खाली काय आहे, नकाशात काय दाखवलंय, हे विचारणाऱ्या माणसाला आपण कटकट्या म्हणतो. कृपा करून म्हणू नका. आरटीआयचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कॉलनीचा मंजूर नकाशा मागवून ठेवा, तो प्रत्येक रहवासी संघाच्या फाईलमध्ये असायलाच हवा.

आता ज्या गोष्टीवरून माझं ग्रुपवर भांडण झालं ती. आमचा बगीचा सकाळी अकरा ते दुपारी चार कुलूपबंद असतो. कारण काय, तर बाहेरचे लोक येऊन बसतात. हे बाहेरचे लोक कोण? आपल्या घरी पोळ्या करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका. सकाळची कामं एक-दीडला संपतात, दुपारची चारला सुरू होतात, मधल्या वेळात घर लांब म्हणून जाता येत नाही. मी मे महिन्यात बघितलंय, आमच्याकडे येणाऱ्या ताई आणि त्यांची सातवीतली मुलगी बगीच्याच्या भिंतीला टेकून, बाहेरच्या बाजूला, जेवढी वीतभर सावली होती तेवढ्यात पाय आखडून डबा खात होत्या. भिंतीच्या आत कडुनिंबाची गार सावली, बाक रिकामे, पाण्याचा नळ. आणि गेटला कुलूप. मुलीनं डबा झाकला आणि गजांमधून झोपाळ्याकडे बघत होती. किल्ली आमच्या शेजारी असते, मी जाऊन घेऊन आले आणि उघडलं. त्यावरून तीन दिवस ग्रुपवर चर्चा झाली, कोणी म्हणालं घाण होईल, कोणी म्हणालं उद्या पत्ते खेळणारे येतील. कुलूप लावून पत्ते खेळणारे थांबले नाहीत, ते रात्री भिंतीवरून येतात कारण मागचे दोन लाईट बंद आहेत. दुपारी बायका-मुलं बसलेल्या असतील तर बगीचा जास्त सुरक्षित राहतो असं माझं मत आहे आणि मी ते रविवारी पार्षद ताईंसमोर पण मांडणार आहे.

सामुदायिक भवनाबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. लग्नाच्या तारखा सोडल्या तर वर्षभर बंद असतं, आणि परीक्षेची तयारी करणारी आमची मुलं पैसे भरून लायब्ररीत जाऊन बसतात. चार टेबलं, दोन पंखे आणि सकाळ-संध्याकाळ उघडणारा एक माणूस, बास.

तर माझी लिस्ट अशी, उरलेल्या ट्रॅकचं काम मुरूम भरूनच, आणि कामाच्या ऑर्डरची कॉपी आम्हाला काम सुरू व्हायच्या आधी. मागचे दोन लाईट. माळीदादा आठवड्यातून दोनऐवजी चार दिवस, हे लेखी. कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटून बसवलेले ब्लॉक काढायचे, झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी सोडा असा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) दिल्लीसाठी २०१३ चाच आदेश आहे, आपल्या झाडाला पण मुळाशी पाणी लागतंच ना. तुटलेलं मशीन उचलणं. दुपारी गेट उघडं. नवीन काही नको, या वर्षी तरी नको.

रविवारी सकाळी आठला ताई येताहेत, आपण साडेसातलाच जमू, कडुनिंबाखाली. माळीदादांना मी सांगितलंय, ते पण येणार आहेत आणि त्यांना पुढे बसवायचंय. आई पण येते म्हणाल्या, ट्रॅकच्या दुरुस्त झालेल्या तुकड्याच्या बाजूनं हात धरून आणेन. ज्यांच्याकडे कुदळ किंवा घमेलं असेल त्यांनी घेऊन या, कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक त्याच दिवशी काढायला सुरुवात करू.