पाठीवरचं १९६६ हे बाहुलीचं जन्मसाल नाही

"जुनी बार्बी भंगारात देऊ नका! बाहुलीच्या कमरेखाली १९६६ लिहिलंय का बघा. असेल तर तुमच्या घरात पाच ते वीस लाख रुपये पडून आहेत." हा मेसेज बहुतेकांकडे आला असेल. त्याखाली बाहुली कशी तपासायची याचे पाच-सहा मुद्दे आहेत, हिऱ्याचा हार घातलेल्या एका बाहुलीचा फोटो आहे आणि सगळ्यात खाली एक मोबाइल नंबर.

सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग ऐरोलीहून मावशीचा फोन आला. तिने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली होती, माझ्या मावसबहिणीची बाहुली शोधली होती आणि तिच्यावर १९६६ खरंच सापडलं होतं. त्या नंबरवर फोटो पाठवून झाला होता, आणि पलीकडच्या माणसाने 'नोंदणी'चे एकवीसशे रुपये मागितले होते. "भरू का गं?" एवढंच तिला विचारायचं होतं. पेन्शनवर राहणारी बाई आहे. तिने फोन केला म्हणून पैसे वाचले. ज्यांच्या घरात या बाहुल्यांमधलं कळणारं कुणी नाही त्यांनी कुणाला विचारायचं?

मी ठाण्यात राहते आणि जुन्या फॅशन डॉल्स जमवते. कळवा, कोपरी, तुर्भे, शिळफाटा इथली जुन्या सामानाची दुकानं आणि भंगाराचे गाळे मला ठाऊक आहेत. त्यामुळे या मेसेजमधला प्रत्येक मुद्दा कुठे चुकतो ते सांगणं मला भाग आहे.

आधी तो आकडा, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मॅटेल कंपनीने १९६७ मध्ये कमरेत वळणारी बार्बी बाजारात आणली. त्या नव्या धडाच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं साल १९६६, आणि तेच त्यावर उमटवलं गेलं. पुढे हात बदलले, पाय बदलले, कारखाने एका देशातून दुसऱ्या देशात गेले, पण १९६६ तसंच राहिलं. सत्तरच्या दशकातल्या बाहुल्यांवर ते आहे, ऐंशीच्या दशकातल्यांवर आहे आणि नव्वदच्या दशकातल्या लाखो बाहुल्यांवरही आहे. पुस्तकाच्या दहाव्या आवृत्तीतही पहिल्या आवृत्तीचं साल छापलेलं असतं, तसंच हे. ते साल बघून कुणी हातातली प्रत पहिल्या आवृत्तीची ठरवत नाही.

पुरावा हवा असेल तर त्याच बाहुलीची मान बघा. डोक्याच्या मागच्या कडेला, केसांखाली, बऱ्याचदा १९७६ असतं. १९७७ मध्ये सुपरस्टार बार्बी आली, तिच्या हसऱ्या चेहऱ्याच्या साच्याचं ते साल. तो चेहरा पुढे वीसेक वर्षं वापरात होता. धडावर १९६६ आणि डोक्यावर १९७६ असेल, तर ती बाहुली १९६६ ची असूच शकत नाही. यासाठी कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

मावशीच्या बाहुलीवर १९६६ च्या शेजारीच 'इंडिया' असंही आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे लिओ नावाने मॅटेलच्या परवान्याखाली बार्बी बनत होती. ती साडीतही मिळायची, घागऱ्यातही. गोखले रोडवरच्या आणि वाशीच्या खेळण्यांच्या दुकानांत ती काचेच्या कपाटात वरच्या फळीवर असायची आणि वाढदिवसाला मिळाली तर वर्गभर बातमी व्हायची. माझ्या मावसबहिणीचा जन्म १९८४ चा, आणि बाहुली तिच्या आठव्या वाढदिवसाची, हे मावशी स्वतःच सांगते. म्हणजे घरातच खरं साल माहीत असताना मेसेजमधलं साल खरं मानलं गेलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. लोकांच्या स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास हा मेसेज काढून घेतो.

एक मान्य करावं लागेल. १९६६ शिक्क्याच्या काही बाहुल्या खरंच साठच्या दशकातल्या असतात आणि त्यांच्यासाठी जमवणारे चांगले पैसे मोजतात. पण त्या ओळखायच्या असतील तर साल बघून उपयोग नाही, देश बघा. बार्बी सुरुवातीची साधारण बारा-तेरा वर्षं जपानमध्ये बनत होती. धडावर 'जपान' असेल, कंबर वळत असेल, गुडघे टक् टक् आवाज करत वाकत असतील आणि पापण्या रंगवलेल्या नसून खऱ्या केसांसारख्या लावलेल्या असतील, तर थांबून नीट बघण्यासारखी गोष्ट आहे. अशी बाहुली ठाण्यात मिळणं मात्र फार दुर्मीळ. त्या काळात ती इथल्या दुकानात येत नव्हती, कुणाचे नातेवाईक परदेशात असतील तरच घरात यायची. नौपाड्यात एक जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा तिथल्या माळ्यावरच्या सामानातून मला जपानची एक स्किपर मिळाली, बार्बीची धाकटी बहीण. केस अर्धे कापलेले, एका पायावर चावल्याच्या खुणा. तिच्यावर १९६३ आहे, आणि ती बाजारात आली १९६४ मध्ये. म्हणजे अस्सल जुन्या बाहुलीवरही विक्रीचं साल नसतंच.

आता हा मेसेज कुणाचं नुकसान करतोय ते सांगते. मावशीला विचारायला भाची आहे. तुर्भ्याला कचरा वेचून, माल वेगळा करून विकणाऱ्या एक ताई माझ्या ओळखीच्या आहेत. धड अवस्थेतली बाहुली दिसली की त्या पिशवीत वेगळी ठेवतात आणि मी गेले की तीस-चाळीस रुपयांना देतात. बरी असेल तर मी शंभरही देते. यावेळी गेले तर त्यांनी पिशवी दाखवलीच नाही. "नाय ताई, आता नाय विकायच्या. पोराने मोबाइलवर दाखवलंय, एकेकीचे लाख मिळतात." मी बसून एकेक बाहुली उलटी करून दाखवली. चीन, इंडोनेशिया, चीन, इंडिया, आणि दोन तर बार्बी नव्हत्याच, जत्रेत मिळतात त्या पोकळ प्लास्टिकच्या होत्या. त्यांना माझं पटलं की नाही, सांगता येत नाही. मी दर पाडायला खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं असेल तर त्यांची तरी काय चूक? महिन्याचे दोन-तीनशे रुपये त्या बाहुल्यांतून येत होते, ते आता पिशवीत अडकून पडलेत आणि पावसाळ्यात तिथे काहीच कोरडं राहत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने असल्या घरांचा विचार केलेला नाही.

मेसेजमध्ये अडीच कोटींची म्हणून दाखवलेल्या, हिऱ्याचा हार घातलेल्या बाहुलीचा फोटो खरा आहे, हे आधी सांगते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एक बार्बी ३,०२,५०० डॉलरला गेली. अलीकडच्या दराने अडीच कोटी किंवा थोडे जास्तच होतात. पण ती जुनी बाहुली नव्हती, त्याच वर्षी मुद्दाम तयार केलेली होती. स्टेफानो कँतुरी या ऑस्ट्रेलियातल्या जवाहिऱ्याने तिच्या गळ्यात खरा गुलाबी हिरा आणि त्याभोवती पांढरे हिरे घातले होते, आणि पैसे स्तनांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला जाणार होते. किंमत हिऱ्यांची होती आणि देणगीची होती. मेसेजमध्ये फोटो ठेवलाय, हार दिसतोय, पण हाराबद्दल एक शब्द नाही. हे अनवधानाने झालेलं नाही.

"पायाला भोकं असतील तर ती जगातली पहिली बार्बी." हे अर्धं खरं. ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी पहिल्यांदा मांडली गेली. त्या अगदी पहिल्या खेपेतल्या बाहुल्यांच्या तळपायांना भोकं होती आणि त्यांत तांब्याच्या नळ्या होत्या, कारण स्टँडच्या दोन पिना त्यात बसायच्या. स्टँड बदलला आणि भोकं गेली. पण त्या बाहुलीवर १९६६ कुठून येणार? तिच्या अंगावर रोमन आकड्यांत १९५८ आहे. एकाच मेसेजमध्ये हे दोन्ही मुद्दे एकाच बाहुलीबद्दल लिहिलेत. साच्यातून काढताना पायाला राहिलेलं भोक स्वस्त बाहुल्यांना सर्रास असतं. शिवाय काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या स्विमसूटमधली ती पहिली बाहुली कंपनीने पस्तीस वर्षं झाल्यावर, १९९४ मध्ये, पुन्हा काढली होती. पट्टे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका.

मेसेजमधल्या बंद खोक्याच्या मुद्द्यावर, म्हणजे न उघडलेल्या खोक्यातली बाहुली महाग जाते यावर, फार वेळ घालवत नाही. खोकं असेल तर किंमत थोडी वाढते, हे खरं. पण १९८८ पासून दरवर्षी निघालेल्या सणाच्या खास बार्बी लोकांनी पुढे किंमत येईल म्हणून खोकं न उघडता ठेवून दिल्या. इतक्या जणांनी ठेवल्या की आज त्या हव्या तेवढ्या मिळतात आणि नव्वदच्या दशकातल्या बऱ्याचशा तर स्वस्तच जातात. १९९२ ची पायापर्यंत केसांची बार्बी एक कोटीहून जास्त खपली. एवढ्या संख्येने असलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल?

तपासायच्या सूचना मात्र थांबवायलाच हव्यात. "डोकं ओढून काढा आणि आतला नंबर बघा." थंड असताना डोकं ओढलं तर आतली मानेची खुंटी तुटते किंवा मान चिरते, आणि मग ते डोकं पुन्हा नीट बसत नाही. जमवणारे लोक अगदीच गरज असेल तर आधी डोकं गरम पाण्यात धरून विनाइल, म्हणजे डोक्याचं प्लास्टिक, मऊ करतात. त्यातही काहीच कारण नसताना हे करू नका, मागचं साल केस बाजूला केले तरी बहुतेकदा वाचता येतं. "थिनरने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून चमकवा." चेहऱ्याचा रंग, म्हणजे डोळे, ओठ, भुवया, सगळं एका बोळ्यात निघून येतं. मावशीने डावी भुवई घालवलीच. तीस-पस्तीस वर्षं ट्रंकेत सुरक्षित राहिलेली बाहुली एका मेसेजने खराब केली.

धुवायची असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. पाय चिकट लागत असतील तर ती घाण नसते. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षांनुवर्षांनी बाहेर येतं. हलक्या हाताने धुवून कोरडं करायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता सुती कापडात ठेवायचं. कानातल्यांभोवती हिरवा डाग असेल तर कानातली टाचणी हळूच काढून ठेवा, तिच्या धातूमुळे तो डाग पडतो आणि पसरत जातो. बॉलपेनचे डाग बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या मलमाने, तेच पुटकुळ्यांवरचं, हळूहळू फिके होतात, पण ते चेहऱ्यावर लावू नका. रंगही जातो.

राहिला तो मोबाइल नंबर. मेसेजमधल्या बाकी सगळ्या चुका अज्ञानातून झाल्यात असं घटकाभर मानू, हा मुद्दा तसा नाही. 'आधी नोंदणी, मग तपासणीचं प्रमाणपत्र, मग कर, मग पैसे तुमच्या खात्यात' हा क्रम नवा नाही. जुन्या नोटा आणि नाण्यांच्या नावाने हेच झालं होतं. पाच रुपयांच्या जुन्या नोटेचे लाखो मिळतील, फक्त आधी शुल्क भरा. शेवटी ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं. त्यात बँकेने स्पष्ट म्हटलंय की काही लोक तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, कमिशन किंवा कर मागत आहेत, आणि बँक असल्या व्यवहारात नाही व असं शुल्क कधी मागत नाही. त्या निवेदनात 'नोट' आहे तिथे 'बाहुली' घाला, मावशीला आलेला फोन जसाच्या तसा दिसेल. जो खरंच विकत घेणारा आहे तो पैसे देतो, मागत नाही. मी आजवर एकाही बाहुलीसाठी विकणाऱ्याकडून रुपया घेतलेला नाही, आणि माझ्या ओळखीतल्या जमवणाऱ्यांपैकी कुणीही घेत नाही.

कुणाचे पैसे आधीच गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त. मेसेज, तो नंबर, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, यातलं काहीही डिलीट करू नका. आणि तोच माणूस 'पैसे परत करतो, फक्त प्रक्रियेचे पाचशे भरा' म्हणाला तर तेही भरू नका.