खर्च कुठल्या खोलीवर?

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर मन्यानं मोबाइल पुढे केला. मालदीव, पाण्यावरचा व्हिला, चार रात्री. "स्कूबा शिकायचं ते झोकात," म्हणाला.

"त्यात पाण्याखाली किती वेळ जाणार?" मी विचारलं. ते त्यानं मोजलंच नव्हतं.

"मग मोज. पहिला दिवस विमान आणि बोटीत जाणार. ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राला, तीन-चार दिवस हवेत. आणि डाइव्ह लागोपाठ झाल्या की विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं, नाहीतर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायचा धोका. म्हणजे शेवटचा दिवस कोरडाच. त्याचंही भाडं तू व्हिलाच्या दरानं भरणार!"

"मग जायचंच नाही का?"

"जा की, पण धिगुराहला. 2009 मध्ये मालदीवनं नियम बदलले आणि लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस निघाली. हे त्यातलंच एक बेट, दक्षिण आरी अटॉलमधलं, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्यातलं. तिथल्या समुद्रात व्हेल शार्क वर्षभर असतात. रिसॉर्टची बोट आणि गेस्टहाउसची बोट त्याच रीफवर येते. पाणी तेच, मासे तेच. खोलीचे वाचलेले पैसे आणखी चार डाइव्हना घाल."

डॉक्टर म्हणाला, "त्या बेटांवर बिअर मिळत नाही. बिकिनीसुद्धा ठरलेल्याच किनाऱ्यावर."

खरं आहे. हनिमून असेल तर व्हिलाच घ्यावा. पण त्याला डायव्हिंगची सहल म्हणू नये.

इतका वेळ गप्प बसलेले बापू म्हणाले, "स्वस्ताच्या नादात जीव जायचा रे."

इथे मात्र मी त्यांच्याच बाजूचा. मालवणला पहिल्यांदा उतरलो तेव्हा सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याकडे गेलो होतो. नाक दाबून कान कसे मोकळे करायचे, हे त्यानं इंजिनाच्या आवाजात अर्ध्या मिनिटात उरकलं. चार मीटरवर कानात सुरी फिरल्यासारखं झालं. मी वर जायची खूण करतोय आणि तो फोटो काढण्यात दंग. पुढे दोन आठवडे त्या कानानं धड ऐकू येत नव्हतं. पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, त्यामुळे उथळ पाणी सोपं हा समज चुकीचा आहे. मालवणात मनापासून शिकवणारेही आहेत, एमटीडीसीनं तारकर्लीला त्यासाठी संस्थाच उभारली. चूक माझी झाली, मी फक्त दर विचारला. एका प्रशिक्षकामागे किती जण, उतरण्याआधी सराव किती, हे विचारायला हवं होतं.

"म्हणजे काटकसर झोपण्यात आणि जेवणात," बापू म्हणाले, "शिकवणाऱ्यात नाही."

"आणि थिअरी, स्विमिंग पूलचा सराव इथेच करून जा," मी मन्याला म्हणालो. "रेफरल, म्हणजे एवढं शिकून झाल्याचं पत्र, घेतलास की तिकडे फक्त समुद्रातल्या डाइव्ह उरतात. मास्क तेवढा स्वतःचा घे, चेहऱ्याला लावून बघून."

मन्या थोडा वेळ तलावाकडे बघत राहिला. "तिथे पोचलो आणि सर्दी झाली तर?"

"तर उतरायचं नाही. चोंदलेल्या नाकानं कान मोकळे होत नाहीत. गेस्टहाउसमध्ये दोन दिवस जास्त राहायचं, बरं वाटलं की उतरायचं."

"व्हिलात असतो तर उतरलोच असतो," तो म्हणाला.